जुन्या आउटबोर्ड मोटरमधली पाण्याची गळती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"मोटरच्या आत पाणी जातंय, इंजिन उघडू का?" होडीच्या मागे लावायच्या जुन्या आउटबोर्ड मोटरीबद्दलच्या या एका प्रश्नाची वेगवेगळी रूपं आमच्याकडे सतत येतात. बहुतेकांना आमचं पहिलं उत्तर एकच असतं: अजून उघडू नका. पाणी कुठल्या कप्प्यात सापडलं आणि तिथे ते कुठल्या वाटेने येऊ शकतं, हे आधी ठरवा. जुन्या मोटरचा प्रत्येक बोल्ट सैल करताना तुटण्याची जोखीम असते. म्हणून बोल्टला हात न लावता जेवढं कळेल तेवढं आधी कळून घ्यावं. इथली उत्तरं मुख्यतः कार्बोरेटर असलेल्या दोन-स्ट्रोक मोटरींसाठी आहेत. चार-स्ट्रोकवाल्यांनी प्रश्न १४ पाहावा.

१. मोटर पाण्यानेच थंड होते, मग आतलं पाणी गळती आहे हे ठरवायचं कसं?

पाण्याची ठरलेली वाट एकदा नीट समजून घ्या. खालच्या गिअरकेसच्या जाळीतून पाणी आत येतं. गिअरकेसच्या डोक्यावर बसलेला रबरी इम्पेलर, म्हणजे पंपाचं पात्यांचं चाक, ते उभ्या नळीतून वर ढकलतो. वर ते एक्झॉस्ट कव्हरच्या पोकळीतून, सिलिंडरभोवतीच्या जॅकेटमधून आणि हेडमधून फिरतं, थर्मोस्टॅटजवळून बाहेर पडतं आणि मधल्या पायातून धुरासोबत खाली जातं. मॉडेलनुसार क्रम थोडा बदलतो, पण वाट हीच.

या वाटेबाहेर तीन जागा कोरड्या राहायला हव्यात: गिअर ऑइलचा कप्पा, क्रँककेससह (क्रँकशाफ्टच्या कप्प्यासह) सिलिंडर, आणि वरच्या झाकणाखालची जागा. यातल्या एका जागी पाणी दिसलं तर ती गळती समजा. तिन्ही जागांची कारणं वेगळी असतात. गिअर ऑइलमध्ये पाणी आहे म्हणून हेड उघडणं, किंवा स्पार्क प्लग ओला आहे म्हणून पंख्याचं (प्रोपेलरचं) सील बदलणं, ही निव्वळ वाया जाणारी मेहनत आहे.

२. बाजूच्या भोकातून पाण्याची धार उडते आणि मागून पाणी-धूर थुंकल्यासारखा येतो. हे बिघडलंय का?

नाही. बाजूची बारीक धार पंप चालू असल्याची खूण आहे. मागे, पाण्याच्या पातळीच्या वर असलेलं भोक मंद वेगावर धूर बाहेर सोडतं आणि त्यासोबत तुषार येतातच. धार अचानक क्षीण झाली तर इंजिन बंद करून तिच्या तोंडात बारीक तार फिरवा. मीठ, वाळू किंवा किड्याचं घर अडकलेलं असतं. तरीही धार सुधारली नाही तर मोटर चालवत राहू नका, पंप तपासा.

३. तपासणीची सुरुवात कुठून करू, आणि हत्यारं काय लागतील?

आमचा क्रम ठरलेला आहे: आधी गिअर ऑइल, मग सगळे प्लग, मग कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल, मग झाकणाखालचे पाइप. या चारही गोष्टी एकही गॅस्केट न फाडता पाहता येतात आणि त्यात बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं), टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळणारा), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), एक खात्रीची सरळपट्टी, इम्पॅक्ट ड्रायव्हर, पारदर्शक काचेची बरणी आणि मोटर जमिनीवर चालवण्यासाठी जाळीवर बसवायचे रबरी कप एवढं पुरतं. गिअरकेससाठी दाब आणि निर्वात दोन्ही मोजणारा हातपंप मिळाला तर फार सोय होते. आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मात्र हवंच. टॉर्कचे आकडे अंदाजाने ठरवायची गोष्ट नाही. पाणी न लावता मोटर क्षणभरही सुरू करू नका, कोरडा फिरलेला इम्पेलर लगेच जळायला लागतो.

४. गिअर ऑइल दुधासारखं पांढुरकं झालंय. किती गंभीर आहे?

तातडीने हात घालावा इतकं. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग आणि दातांवर टिकत नाही, गंज सुरू होतो. थंड प्रदेशात मोटर तशीच ठेवली तर आतलं पाणी गोठून फुगतं आणि गिअरकेसचं अॅल्युमिनियम उभं चिरतं.

प्रमाण पाहायची सोपी रीत अशी: मोटर एक रात्र उभी ठेवा आणि सकाळी खालचा स्क्रू जरासाच सैल करा. पाणी जड असल्याने तळाशी बसतं. आधी स्वच्छ पाणी आलं तर गळती मोठी आहे. पाणी वेगळं न होता नुसतं दुधाळ ऑइल आलं तर सील हळूहळू झिरपत असावं. चुंबक असलेल्या स्क्रूवर काळसर मऊ लोणी दिसणं नेहमीचं आहे. बोटाला टोचतील असे कण मिळाले तर गिअर उघडावे लागतील.

वाट बहुधा या पाचपैकी एक असते: पंख्याच्या शाफ्टचं सील, ड्राइव्हशाफ्टचं वरचं सील, गिअर बदलण्याच्या दांड्याचं सील, बेअरिंग कॅरियरची ओ-रिंग, किंवा ऑइलच्या दोन स्क्रूंचे वॉशर. शेवटचं कारण सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात जास्त वेळा दुर्लक्षित. जुनाच चपटा वॉशर पुन्हा लावलेला असतो. म्हणून आधी दोन्ही वॉशर बदला, पंखा काढून शाफ्टवर मासेमारीची तंगूस गुंडाळली आहे का पाहा. ती सीलमध्ये शिरून ते कापते.

जॉन्सन आणि एव्हिनरूड या ब्रँडच्या बऱ्याच जुन्या गिअरकेसवर ऑइलच्या स्क्रूशेजारी फुलीच्या खाचेचा आणखी एक स्क्रू असतो. तो ऑइलचा नाही, आतल्या गिअर-यंत्रणेचा टेकू आहे. तो चुकून काढला तर गिअरकेस उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

५. नेमकं कुठलं सील गेलंय हे न उघडता कळेल का?

कळेल. ऑइल पूर्ण काढा, खालचा स्क्रू बंद करा आणि वरच्या भोकात पंपाची नळी घट्ट बसवा. आधी ३ ते ५ पीएसआय एवढाच हलका दाब द्या, कारण काही सील कमी दाबालाच गळतात आणि जास्त दाबाला ओठ दाबला जाऊन तात्पुरते बंद होतात. मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत चढवा. तो बऱ्याच मॉडेलमध्ये १५ पीएसआयच्या आसपास असतो. काटा पाच मिनिटं हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. हे करताना पंख्याचा शाफ्ट हाताने फिरवा, गिअरचा दांडा पुढे-मागे करा. सील स्थिर असताना धरतं आणि फिरताना सोडतं, असं जुन्या मोटरीत वरचेवर दिसतं.

दाब टिकला तरी निर्वात चाचणी टाळू नका. चालून गरम झालेली गिअरकेस थंड होते तेव्हा आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. पंख्याच्या शाफ्टवर सहसा दोन सील पाठीला पाठ लावून असतात, एक ऑइल आत ठेवायला आणि दुसरं पाणी बाहेर ठेवायला. पाण्याचं सील गेलं असेल तर ते फक्त निर्वातातच पकडलं जातं.

६. नवीन सील लावलं, तरी महिन्याभरात पुन्हा पाणी. असं का?

बहुतेक वेळा दोष शाफ्टचा असतो. जुन्या सीलच्या ओठाने शाफ्टवर खोबण पाडलेली असते. तिच्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर नवं सील तिथे टिकणार नाही. शाफ्टवर बसणारी पातळ स्टीलची बाही लावा, किंवा जागा असेल तर सील थोडं वर-खाली बसवा, म्हणजे ओठ नव्या पृष्ठभागावर येईल.

दुसरं कारण उलटी दिशा. जुनं सील काढण्याआधी फोटो काढून ठेवा. तिसरं कारण बसवण्याची पद्धत: सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या मापाच्या नळीने सरळ दाबा, ओठांना ग्रीस लावा, शाफ्टच्या दातांवरून सरकवताना पातळ टेप गुंडाळा. कोरड्या ओठाला पहिल्याच फेरीत जखम होते.

ऑइल भरताना ते नेहमी खालच्या भोकातून वर चढवा. वरून बुडबुडे नसलेलं ऑइल आलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग पंप काढून खालचा. उलट केलं तर हवा अडकते.

७. प्लग ओला आहे. पाणी पेट्रोलमधून आलं की इंजिनातून?

हे आधी ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली वेगळं बसतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ते थोडं विरघळतं, आणि एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून तळाला जातात. बरणीत दोन थर दिसले तर दोष टाकीचा, नळीचा किंवा फिल्टरचा आहे.

पेट्रोल स्वच्छ असेल तर सगळे प्लग काढून क्रमाने मांडा. पेट्रोलमधलं पाणी सहसा सगळ्याच सिलिंडरना त्रास देतं. आतली गळती बहुधा एक किंवा शेजारचे दोन सिलिंडर निवडते. मग टॉर्च लावून प्लगच्या भोकातून पिस्टनचा माथा पाहा. इतर माथे काळे आणि एकच धुऊन काढल्यासारखा चकचकीत असेल तर तिथे पाणी येतंय. वाफेने कार्बन निघून जातो. ही खूण आम्हाला कुठल्याही गेजपेक्षा भरवशाची वाटते.

सिलिंडरमध्ये पाणी असल्याची शंका असेल तर प्लग लावलेले असताना दोरी ओढू नका, स्टार्टरही दाबू नका. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

८. हेड गॅस्केट गेलंय हे कसं ओळखायचं?

सगळे प्लग काढा, इग्निशन बंद करून प्लगच्या तारा अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन मोजा. जुन्या मोटरींचे आकडे मॉडेलनुसार फार वेगळे असतात, म्हणून सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. सगळ्यात वरच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त कमी असलेला सिलिंडर संशयित. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर त्यांच्यामधल्या पट्टीवर गॅस्केट फुटल्याची दाट शक्यता आहे.

आणखी एक खूण आहे. मंद वेगावर मोटर ठीक चालते, पण वेग वाढवला की तापते आणि बाजूची धार बुडबुड्यांसह तुटक येते. याचा अर्थ जळलेला वायू पाण्याच्या जॅकेटमध्ये शिरतोय. खात्रीसाठी पिस्टन अगदी वर आणा, फ्लायव्हील नीट धरून ठेवा आणि प्लगच्या भोकातून बेताने हवेचा दाब द्या. धारेच्या नळीतून फुसफुस आली तर हेड उघडायला हरकत नाही. पिस्टन वर नसेल तर दोन-स्ट्रोकमध्ये पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली भोकं) उघडे राहतात आणि हवा तिथूनच निघून जाते, चाचणी फसते.

९. कॉम्प्रेशन सगळीकडे छान, गॅस्केटही नवं, तरी एका सिलिंडरमध्ये पाणी येतंच. आता?

चांगलं कॉम्प्रेशन म्हणजे पाणी येत नाही, हा समज चुकीचा आहे. कॉम्प्रेशन गेजला पिस्टनच्या वरची जागा दिसते, बाकीच्या वाटा दिसत नाहीत.

पहिला संशय एक्झॉस्ट कव्हरवर घ्या. बऱ्याच जुन्या इंजिनांच्या बाजूला दोन थर असतात: आतली पातळ पट्टी आणि बाहेरचं कव्हर, त्यांच्यामधून पाणी वाहतं. आतल्या पट्टीचं गॅस्केट गेलं किंवा खाऱ्या पाण्याने पट्टीलाच भोक पडलं, तर पाणी सरळ एक्झॉस्ट पोर्टसमोर येतं. मंद वेगावर धुराचे दाब मागे-पुढे होतात आणि ते पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं. कव्हर काढल्यावर पोर्टच्या कडेला काळ्या कार्बनमधून गेलेली स्वच्छ रेघ दिसली की जागा सापडली.

दुसरा संशय क्रँकशाफ्टच्या खालच्या सीलवर. ते गेलं तर क्रँककेसच्या निर्वातामुळे मधल्या पायातला ओला धूर आत खेचला जातो. लक्षणं सगळ्यात खालच्या सिलिंडरला दिसतात: मंद वेगावर अडखळणं आणि खालच्या बेअरिंगवर गंज. त्यासाठी पॉवरहेड, म्हणजे वरचं अख्खं इंजिन, उचलावं लागतं, आणि उचललं की खालचं बेस गॅस्केट नवंच घाला.

तिसरा, आणि सुदैवाने विरळा, म्हणजे ब्लॉकमधली चीर. ती सुट्या ब्लॉकचं जॅकेट बंद करून, हलका दाब देऊन, साबणाच्या पाण्याने शोधतात.

१०. बोल्ट जाम आहेत. न तोडता कसे काढू?

वेळ द्या. गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा. मग बोल्टच्या माथ्यावर नेमका हातोडा मारा आणि बोल्टभोवतीचं अॅल्युमिनियम गरम करा. ते स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, पकड सुटते. ज्योत वापरणार असाल तर आधी पेट्रोलच्या नळ्या, टाकी आणि कार्बोरेटर दूर न्या. बोल्ट किंचित सुटला की सरळ काढत बसू नका, पुढे-मागे करत आणा. पान्याला स्प्रिंगसारखं पिळलं गेल्याचं जाणवलं तर थांबा, बोल्ट तुटायच्या बेतात आहे.

तुटलाच तर बरोबर मध्यावर पंच मारून उलट्या आट्यांच्या ड्रिलने हळू छिद्र पाडा. आटे गेले तर तारेची हेलिकॉइल बसवता येते आणि ती दुरुस्ती टिकाऊ असते.

जुनं गॅस्केट खरवडताना ते ओलं ठेवा. जुन्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं घासून किंवा मशीनच्या तारब्रशने त्याची धूळ उडवू नका.

११. हेड थोडं वाकलंय आणि कडेला खड्डे आहेत. सिलिकॉन लावून भागेल?

नाही. हेड गॅस्केटखाली सिलिकॉन लावू नका. ज्वलनाचा दाब ते सोसत नाही, आणि बाहेर आलेले तुकडे पाण्याच्या बारीक वाटा बुजवतात. सीलंट फक्त मॅन्युअल सांगेल तिथे, सांगेल तेच.

सरळपट्टी हेडवर आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खाली फीलर गेज सरकवा. ०.१ मिलिमीटरची पाती शिरली तर हेड सपाट करावं लागेल. जाड काचेवर २२० नंबरचा ओला पॉलिश पेपर चिकटवा, हेड त्यावर इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, शेवटी ३२० नंबर. पृष्ठभाग सगळीकडे सारखा मंद दिसला की थांबा. ब्लॉकची बाजूही तपासा, ती सगळे विसरतात.

पाण्याच्या वाटेच्या कडेचे खड्डे धातूच्या इपॉक्सीने भरून सपाट करता येतात. खड्डा सिलिंडरच्या तोंडाच्या कडेला पोचला असेल तर इपॉक्सी टिकणार नाही, तिथे वेल्डिंग आणि मशीनिंग हवं.

बोल्ट बसवताना मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळा. गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा आवळायचे की नाही हे गॅस्केटच्या जातीवर अवलंबून आहे. मॅन्युअल सांगेल तसंच करा.

१२. झाकणाखाली पाणी साचतं, इंजिन मात्र ठीक चालतं.

फडक्याने सगळं पुसून कोरडं करा, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि कपांवर मोटर चालवा. पावडर जिथे आधी भिजेल तिथे गळती. थर्मोस्टॅटचं कव्हर, बाजूच्या धारेची चिरलेली नळी आणि बाहेरच्या एक्झॉस्ट कव्हरची कड हे नेहमीचे गुन्हेगार. खाऱ्या पाण्यात चाललेल्या मोटरवर पांढरी मिठाची रेघच वाट दाखवते. चालवूनही पावडर कोरडीच राहिली तर पाणी बाहेरून येतंय, झाकणाचं रबर आणि कडी पाहा. सुरू इंजिनाजवळ हात घालताना फ्लायव्हील फिरतंय हे विसरू नका.

१३. इम्पेलर बदलल्यापासून धार कमी झाली आणि मधल्या पायातून पाणी गळतं.

गिअरकेस वर चढवताना पाण्याची उभी नळी पंपाच्या रबरी बुचात न बसता बाजूला गेली असणार. पाणी वर न जाता पायातच सांडतं. गिअरकेस उतरवून नळी पुन्हा बसवा, बुचाला थोडं ग्रीस लावा. ड्राइव्हशाफ्टच्या दातांना ग्रीस हवं, पण शाफ्टच्या सपाट टोकावर ते लावू नका. कोंडलेलं ग्रीस शाफ्टला पूर्ण वर बसू देत नाही.

१४. माझी जुनी चार-स्ट्रोक आहे आणि इंजिन ऑइल पांढुरकं दिसतंय.

गिअरकेस आणि झाकणाबद्दलची उत्तरं तुम्हालाही लागू आहेत. इंजिन ऑइलसाठी आधी वापर आठवा. थंड हवेत थोडाच वेळ चालवलेल्या मोटरमध्ये ऑइल भरायच्या झाकणाखाली बाष्पाचा पांढरा थर जमतो. मोटर नीट गरम होईपर्यंत चालवली की तो जातो. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर वास घ्या. पेट्रोलचा वास म्हणजे इंजिन गरमच होत नाही, बहुधा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. वास नसताना पातळी वाढली आणि ऑइल दुधाळ असेल तर गॅस्केट किंवा चीर. तेव्हा इंजिन चालवणं थांबवा.

१५. सिलिंडरमध्ये पाणी सापडलं किंवा मोटर पाण्यात बुडाली, आणि दुरुस्ती आज शक्य नाही. तोवर काय करू?

इथे दिरंगाई सगळ्यात महाग पडते. नुकसान पाणी आत असताना जेवढं होतं, त्याहून अधिक ते निघाल्यावर हवा लागून होतं. काही तासांत बेअरिंगच्या सुया गंजतात.

प्लग काढा, भोकं खाली येतील अशी मोटर आडवी करा, फ्लायव्हील हाताने फिरवून पाणी बाहेर काढा. फिरताना अडकलं तर जबरदस्ती करू नका. खारं पाणी असेल तर आधी गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा. मग प्लगच्या भोकांतून आणि कार्बोरेटरमधून दोन-स्ट्रोक ऑइल घालून पुन्हा फिरवा. बुडालेल्या मोटरचं पेट्रोल पूर्ण बदला आणि शक्य तितक्या लवकर ती सुरू करून गरम होईपर्यंत चालवा. गळतीमुळे पाणी आलं असेल तर मात्र सुरू करू नका, ऑइलने भिजवून ठेवा.

बुडालेल्या मोटरवर त्या दिवशी काहीच करता येणार नसेल तर ती गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवा. वाचायला विचित्र वाटेल, पण ऑक्सिजन कमी पोचल्याने गंज मंदावतो.

१६. मोटर बनवणारी कंपनीच बंद झालीय. भाग कुठून आणू?

जॉन्सन आणि एव्हिनरूड बनवणाऱ्या आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनने डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि पुढे हे नाव चालवणाऱ्या बीआरपी या कॅनडाच्या कंपनीने २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादन थांबवलं. तरी इम्पेलर, गॅस्केट आणि सील दुसऱ्या उत्पादकांकडून अजून येतात. शोधताना मॉडेल नंबर वापरा, नुसतं वर्ष आणि अश्वशक्ती पुरत नाही. बरीच ऑइल सील आणि ओ-रिंग प्रमाणित मापांच्या असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी कॅलिपरने मोजा, आणि ती बेअरिंग-सील विकणाऱ्यांकडे मिळू शकतात. हेड गॅस्केट मात्र कापून घरी बनवू नका.

१७. सगळ्या चाचण्या स्वच्छ आल्या. तरी मोटर होडीवरून काढून घरी नेली की पुढच्या वेळी प्लगवर पाणी असतं.

ही बहुधा गळती नाहीच. चालवून बंद केलेल्या मोटरच्या मधल्या पायात आणि जॅकेटमध्ये थोडं पाणी उरतं. मोटर काढताना गिअरकेस पॉवरहेडपेक्षा वर गेली, किंवा गाडीत तशी आडवी टाकली, तर तेच पाणी एक्झॉस्टमधून पोर्टपर्यंत आणि तिथून सिलिंडरमध्ये उतरतं.

बंद केल्यावर मोटर उभीच ठेवा आणि खालून थेंब पडायचे थांबेपर्यंत वाट पाहा. नेताना पॉवरहेड कायम गिअरकेसपेक्षा वर ठेवा, आणि आडवी ठेवायचीच असेल तर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या कुशीवरच. असं दोन-तीन वेळा केल्यावरही प्लग ओला निघाला, तर प्रश्न ९ मधल्या खालच्या सीलपासून पुन्हा सुरुवात करा.